कुठं थांबता आलं असतं?

मधुकर गेल्याचं मला पोस्टकार्डावरून कळलं. यवतमाळला कचेरीत दुपारच्या टपालात ते आलं. दारव्ह्याच्या शाळेतल्या त्याच्या सोबत्यानं लिहिलं होतं, तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी गेला, तुमचा पत्ता उशिरा सापडला. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. पाच आठवडे झाले. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते सुचत नाही...

आम्ही एका वस्तीत वाढलो. छप्पन्न साली दीक्षा घेतली तीही सोबतच. त्याच सुमारास तो दारव्ह्याला मराठीचा शिक्षक झाला. शनिवारी शाळा सुटली की मुलांना थांबवून जुन्या ग्रीक आणि इंग्रजी शोकनाटकांच्या गोष्टी सांगायचा. मी गेलो की मागच्या बाकावर बसायचो. नाटकातला मोठा माणूस धुळीला मिळाला की मुलं नशिबाला बोल लावायची. ते त्याला चालत नसे. "राजा वाईट नसते रे," तो म्हणायचा. "त्याचा जो गुण सगळ्यात चांगला असते ना, तोच त्याले बुडवते." मग एकेकाला विचारायचा, याला कुठं थांबता आलं असतं? मुलं गोष्ट मागं नेत नेत ती जागा शोधायची.

मधुकरचा सगळ्यात चांगला गुण म्हणजे खरेपणा. त्याच्याजवळ आई आणि बायको सुशीला राहत. दीक्षेनंतर वस्तीतल्या सगळ्यांनी घरातले देव काढले होते, आम्हाला त्याचा अभिमान होता. पुढच्या वर्षी ज्वारीच्या कोठीत हात घालताना त्याला देवीचा एक चांदीचा टाक सापडला. बोटाएवढा, झिजलेला. आईनं लपवला होता. घरात बोलून भागलं असतं. यानं तो वस्तीच्या बैठकीत सर्वांसमोर ठेवला आणि म्हणाला, नियम माझ्या घरालाही आहे. माय उभी राहिली. "मी पुजत नाही त्याले," ती म्हणाली. "माह्या मायनं देल्ला होता, म्हणून ठेवला." एवढं बोलून बसली. मी मधुकरच्या शेजारीच होतो. खरं सांगतो, त्या वेळी मला तो फार मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी माय पुसदला भावाकडे निघून गेली. ती परत येईल म्हणून हा थांबला, हा न्यायला येईल म्हणून ती थांबली. अशी दोन वर्षं गेली. सुशीलानं समजावून पाहिलं. तो म्हणे, मी चुकलो कुठं ते दाखव.

मग कचेरीच्या कामासाठी मी पुसदला गेलो आणि मायला भेटलो. अंथरुणाला लागली होती. मधू बारीक झाला का, खोकतो का, शाळेत डबा नेतो का, एवढंच विचारत राहिली. ये म्हण, असं मात्र बोलली नाही. परतताना मी दारव्ह्याला उतरलो. माय फार आजारी आहे म्हणून सांगितलं. त्यानं पिशवी काढली, धोतर घडी करून आत ठेवलं, आणि मग विचारलं, "मायनं बोलावलं काय?"

मी म्हणालो, "नाही."

ते खरंच होतं. त्यानं धोतर बाहेर काढलं. डबा, खोकला, यातलं मी काहीच सांगितलं नाही. त्यानं विचारलं नव्हतं... चौथ्या दिवशी माय गेल्याचा निरोप आला.

त्यानंतरही तो शनिवारी गोष्टी सांगे. फक्त तो एक प्रश्न विचारणं त्यानं सोडलं. मला त्यानं कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मागच्या रविवारी सुशीलाला भेटायला गेलो. ती म्हणाली, माय गेल्यापासून हे दर रविवारी पुसदची एसटी यायच्या वेळी स्टँडवर जात, गाडी रिकामी होईपर्यंत उभे राहत आणि घरी येत. कायले जाता, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

मी तडक स्टँडवर गेलो. गाडी आली. गाठोडी, कोंबड्या, लेकुरवाळ्या बाया, सगळं उतरलं. सर्वांत शेवटी एक म्हातारी दांड्याला धरून सावकाश उतरली आणि आपल्या वाटेनं गेली. कंडक्टर माझ्याकडे बघत होता. "तिथं गुरुजी उभे राह्यतात," तो म्हणाला. "महिना झाला, दिसले नाही?"

मी सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि गाडीच्या पायरीवर बसला. गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी त्यानं घंटी दिली नाही.