दुसऱ्या भागातली मेणबत्ती

मी स्वभावानं भांडखोर आहे, आणि आजवर सगळ्यात जास्त भांडण मी एका पुस्तकाशी केलंय. पुस्तक इंग्रजी, कॉलेजातल्या पोरापोरींसाठी लिहिलेलं, झॉम्बीच्या प्रेमाचं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. त्याचा दुसरा भाग इतका वाईट निघाला की अजून नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. ज्यांना तो आवडला त्यांनी माझ्यासमोर तसं बोलून दाखवावं.

पहिला भाग मात्र झकास होता. सगळं जग मेलेल्यांनी भरलंय, उरलेली जिवंत माणसं उंच भिंतीआड राहतात, आणि भिंतीबाहेर एका पोरीची गाठ एका मेलेल्या पोराशी पडते. तो तिला खात नाही. नुसता तिच्याकडं बघत बसतो. शेवटच्या पानावर त्याचं थंडगार काळीज एकदाच ठोका देतं आणि पुस्तक संपतं. मी ते एम.कॉम. करत असताना वाचलं आणि उचगावच्या आमच्या गोठ्यात, संध्याकाळच्या धारेला, रोज थोडं थोडं काकीला सांगितलं.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. काका हायवेवरच्या अपघातात गेला तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती, पोरबाळही नव्हतं. माहेरी न जाता ती आमच्यातच राहिली आणि गोठा तिनं अंगावर घेतला. आमची थोरली म्हैस तर दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. काकीनं पाठीवर थाप मारली की पान्हा सोडते, आईनं मारली की लाथ. काकीला इंग्रजी येत नव्हतं, पण गोष्टीत ती माझ्यापेक्षा खोल शिरायची. त्या पोरीला मढ्याचा वास येत नाही का, हे तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात लिहिलेलं नाही. मग लिहिणाऱ्यानं कधी गोठा झाडलेला दिसत नाही, असं म्हणून तिनं निकाल लावला. पण त्या ठोक्याचं ऐकलं तेव्हा तिचा हात कासेवर थांबला. चरवीतला आवाज बंद झाला म्हणून मी वर बघितलं, तर तिनं तोंड म्हशीच्या पोटाकडं फिरवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात कुरुंदवाडचं स्थळ आलं, काकीसाठी. बिजवर होता, बायको आजारात गेलेली, खत-बियाण्याचं दुकान. दोनदा येऊन गेला, आणि दोन्ही वेळा गोठा बघायच्या निमित्तानं आत जाऊन काकीशी म्हशींच्या पेंडीवर बोलत उभा राहिला. पेंडीवर कुणी एवढा वेळ बोलतं होय! वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. भावकी काय म्हणेल, एवढंच म्हणायचे. विधवेनं परत लग्न केलं की घराण्याचं नाक कापलं गेलं, असं मानणारे आमच्यात अजून ढिगानं आहेत. आईचं म्हणणं, जिचं तिनं ठरवावं. आणि काकी मला म्हणाली, दुसरा भाग येऊ दे, मग सांगते. थट्टेतच म्हणाली, पण रोज विचारायची, आला का गं म्हणून. वडिलांनी पावण्यांना दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबा म्हणून कळवलं होतं.

नवरात्रात दुसरा भाग आला. मी एका बैठकीत वाचून काढला. निम्मं पुस्तक भिंतीची डागडुजी आणि मिटिंगा. जी पोरगी पहिल्या भागात एकटी भिंतीबाहेर हिंडायची, ती इथं खिडकीत बसून मुळूमुळू रडते. आणि शेवटी तो पोरगा, ज्याचं काळीज आता चांगलं चालू झालंय, तो तिला म्हणतो की माझ्यामुळं तुझ्या लोकांना त्रास होतोय, आणि परत मेलेल्यांत निघून जातो. ती त्याला जाऊ देते. दर वर्षी भिंतीवर त्याच्या नावानं एक मेणबत्ती लावते आणि सगळी वस्ती तिचं कौतुक करते. अरे, तो ठोका काय मेणबत्ती लावायला दिला होता? मी पुस्तक कडब्याच्या गंजीवर भिरकावलं. तिसरा भागही आलाय म्हणे. मी ढुंकून बघितलेला नाही.

आता काकीला काय सांगायचं? आई म्हणाली, काहीतरी गोड करून सांग, पळून गेली आणि सुखानं नांदली म्हण. मला ते पटलं नाही. काकी काही औषध प्यायला कुरकुरणारं पोर नव्हती. मी संध्याकाळी गोठ्यात गेले आणि मेणबत्तीसकट सगळं सांगितलं.

काकीनं शेवटच्या थेंबापर्यंत धार काढली, मग चरवी बाजूला ठेवली.

"लिवलंय कुणी? बाई का बाप्या?"

बाई, मी म्हटलं.

"बाई असून तिला एवढं कळलं न्हाय व्हय," काकी म्हणाली. "मेणबत्ती लावली की भिंतीआडची समदी जेवून झोपली असतील. ही एकटीच जागी."

त्यानंतर तिनं ना पुस्तकाचा विषय काढला, ना कुरुंदवाडचा. मला वाटलं, संपलं. त्या लिहिणाऱ्या बाईनं पुस्तकातल्या पोरीबरोबर माझ्या काकीलाही भिंतीआड बसवलं.

पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, आणि मोटरसायकलीमागं पळवत मिरवणुकीला न्यायच्या. निघण्याआधी घरातली सवाष्ण ओवाळते. काका गेल्यापासून ओवाळायचं ताट आईच्या हातात आणि म्हशीचं दावं काकीच्या. म्हैस धरायला काकी चालते, ओवाळायला चालत नाही. त्या वर्षीही भावकी दारात जमली होती. आई ताट घेऊन आली. काकीनं दावं माझ्या हातात दिलं आणि आईच्या हातातलं ताट धरलं. आईनं ते सोडलं, बरं का. लगेच सोडलं.

वडील पुढं आले आणि म्हणाले, हे आपल्यात चालत नाही. काकी थोरल्या दिरापुढं कधी मान वर करून बोललेली नव्हती. तिनं आधी म्हशीला कुंकू लावलं, सावकाश ओवाळलं, आणि मग त्यांच्याकडं बघितलं.

"भावजी, म्हस माझी हाय," ती म्हणाली. "आणि पावण्यास्नी सांगा, या म्हणावं."

वडील त्या दिवशी मिरवणुकीला गेले नाहीत. पण पावण्यांना फोन त्यांनीच केला. लग्न कुरुंदवाडला झालं, साधंच. भावकीतली निम्मी आली नाहीत. बरंच झालं, जिलेबी आम्हाला जास्त आली.

लग्नानंतर काकी कपडे न्यायला म्हणून एकदा आली. निघायची वेळ झाली तरी वडिलांचा पत्ता नव्हता. मी मनात म्हटलं, नाही तर नाही. आम्ही तिला दारापर्यंत सोडायला गेलो, तर बाहेर टेम्पो उभा, आणि वडील स्वतः थोरल्या म्हशीला फळीवरनं वर चढवत होते. काकी म्हणाली, भावजी, हे कशाला. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. दावं गजाला बांधलं, गाठ ओढून बघितली आणि ड्रायव्हरला म्हणाले,

"सावकाश ने. म्हस तिची हाय."