सोमवारची गाडी

माझं शिक्षण चौथ्या यत्तेपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही किरटं. कुणी हे वाचलंच तर माफ करावं. पोलिसातले अधिकारी पेन्शनीत बसून आपापले तपास लिहितात. आमचे यजमान वकील. एक खटला मीही दाराआडून पाहिला, तो अजून मनातून जात नाही.

बेळगुंदीचा एक शेतकरी बायकोला घेऊन आमच्या बेळगावच्या घरी आला. जंगल खात्याच्या गार्डाने फिर्याद दिली होती, की खबर मिळाल्यावरून पाळत ठेवली, तर याने सोमवारी भरदिवसा चोरीचं सागवान गाडीतून गावातून नेलं. पंचवीस रुपये दंड झाला, गावच्या चावडीपुढे तशी दवंडीही पिटली. बायकोच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या मोडून त्याने तो भरला. पण गाडी बैलांसकट जप्तच होती. अपील फसलं तर लिलाव, आणि बैल गेले की पेरणी गेली.

बाहेर सोप्यात यजमान त्याला खोदून विचारत होते.

"सोमवारी कुठं होतास?"

"घरात."

"कुणी पाहिलं?"

"घरात बसल्याला बघाय कोन येतंय?"

"गार्डाचं तुझ्याशी वैर काय?"

"कोंबडी मागितलीती. न्हाय दिली."

"याला पुरावा?"

"कोंबडी हाय की अजून."

आत मी त्याच्या बायकोला चहा दिला. सहज म्हटलं, "गाडी गेलीच नाही, हे सांगणारं कुणी नाही का हो?"

ती हसली. "वैनी, सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवतंय कोन? बसवाण्णाचा, नंदीद्येवाचा वार. आमच्यात पेरणी अडली तरी जुंपत न्हाईत."

"मग हे वकिलांना सांगितलंत का?"

"हे काय सांगायचं असतंय व्हय?"

पक्षकारांपुढे मी कधी जात नसे. दाराची कडी वाजवली. यजमान वैतागून आत आले. "काय गं, साखर संपली?" मी खाली बघत सांगितलं. ते तसेच बाहेर जाऊन ओरडले, "अरे, हे आधी का नाही बोललास!"

अपिलात जज्जसाहेबांनी गार्डाची साक्ष पुन्हा घेतली. त्या रात्री जेवताना यजमानांनी उलटतपासणी मला नक्कल करून ऐकवली.

"गाडी गेली तेव्हा गावात माणसं होती?"

"देवळापुढं बसलेली."

"गाडीवानाला काय म्हणाली?"

"काही नाही. रामराम घातला."

मग गावच्या पाटलांना विचारलं, सोमवारी कुणी बैल जुंपून देवळापुढून गेला तर? पाटील म्हणाले, "रामराम कशाचा साहेब, पाठीत जोडा घालू."

गार्ड परगावचा. त्याला वाराचं ठाऊकच नव्हतं. शेतकरी निर्दोष सुटला.

निकालाचा दिवसही सोमवारच निघाला. बैल सुटले, पण पठ्ठ्याने जुंपले नाहीत. चार माणसांनी गाडी ढकलत आमच्या दारात आणली आणि तो बैल हाकत पायी घरी गेला. यजमान म्हणाले, "हा पुरावा साहेबांनी बघायला हवा होता."

भरलेला दंड कचेरीतून परत घेऊन जा, असा हुकूम आला. यजमान ऐकेनात. "अब्रू चावडीवर घेतली, ती कचेरीच्या खिडकीतून परत द्यायची होय? कोर्टातून सुटलेल्याला राहायचं असतं गावात. सरकारने चूक केली तर चारचौघांत मानावी." अर्जांवर अर्ज गेले.

मी एवढंच शिकले, की माणसाला जी गोष्ट रोजची असते, तीच त्याची सांगायची राहून जाते. तेव्हापासून पक्षकाराची बायको आली की मी तिला बसवून घेते. घाई करत नाही.

अखेर सुगीला मामलेदार स्वतः बेळगुंदीला गेले. चावडीपुढे पुन्हा दवंडी झाली, या वेळी तो निर्दोष असल्याची, आणि सगळ्या गावादेखत पंचवीसच्या पंचवीस रुपये त्याच्या हातात पडले.