बिनतिकिटाचा प्रोग्राम

"सोडा त्याला."

"नाही सोडणार."

"अहो, चार वर्षं ओळखते मी त्याला. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

"कुठून आला? कुणी पाठवला? कागद आहेत त्याच्याकडे? नाहीत ना? मग बसू दे आत."

"अकराला दुकानात पोचायचंय मला!"

"तर मग साक्षीदार आण."

मी दारातच थबकले. फोनवर काकू एवढंच म्हणाली होती, "असशील तशी ये, तुझ्या काकांनी त्याला कोंडलंय." वाटेत मी अंदाज बांधत आले. शेजाऱ्यांचं मांजर? विजेचं मीटर वाचायला येणारा? आमच्या काकांच्या बाबतीत दोन्ही शक्य होतं. येऊन बघते तर कोंडलेला होता एक प्रोग्राम. कॉम्प्युटरमधला. काकूचा, विणकामाचा.

हे समजायचं तर आधी काका समजायला हवेत.

काका बसमध्ये चेकर होते. एकतीस वर्षं. ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही. मधल्याच कुठल्या तरी स्टॉपवर मागच्या दाराने चढणारा आणि ज्याला बघून अख्खी गाडी खिसे चाचपायला लागते, तो. काका म्हणायचे, तोंडाकडे बघायचंच नाही, तोंड खोटं बोलतं. पायांकडे बघायचं. बिनतिकिटाच्या माणसाचे पाय आधीच दाराकडे वळलेले असतात. त्यामुळे अजूनही कुणी घरी आलं की काका आधी त्याच्या पायांकडे बघतात आणि मग 'या' म्हणतात. सिनेमाला गेले तर तिकिटाचा तुकडा शेवटपर्यंत मुठीत, घामाने लगदा होईतो.

एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला सोडलं नाही. रडणाऱ्याला नाही, ओळखीच्याला नाही, डेपो मॅनेजरच्या मेहुण्याला तर मुद्दाम नाही. लग्नाला सहा महिने झाले असताना एकदा काकूच त्यांना गाडीत सापडली. पास दुसऱ्या पर्समध्ये राहिलेला. काकांनी पावतीपुस्तक काढलं आणि विचारलं, "नाव?" काकूने सांगितलं, आडनावासकट. दंड भरला, पुढच्या स्टॉपला उतरली आणि घरापर्यंत चालत गेली. "आठवडाभर बोलली नाही," काका आजही हे नवलाने सांगतात. "अगं, पण नियम होता ना!"

आणि आता कॉम्प्युटर. तो फ्रिज आणि खिडकी यांच्यामधल्या बोळकांडीत लोकरीचा झगा घालून बसलेला असतो. मॉनिटरला वेगळा झगा, माउसला टोपी. म्हणायला घराचा, खरा काकूचा. ती विणकामाचे नमुने तयार करते. कुठलंही चित्र घ्यायचं, मासा, किटली, टेकडीवरचं घर; तो प्रोग्राम त्याचे बारीक चौकोन पाडून देतो. या चौकोनात पिवळा टाका, पुढचे तीन निळे. चौकोन मोजत विणत गेलं की स्वेटरच्या छातीवर मासा पोहायला लागतो.

लोकरीच्या दुकानवाल्या बाईंनी तिच्या बारा नमुन्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं होतं. मुखपृष्ठावर काकूचं नाव. छापखान्याचा माणूस शुक्रवारी अकरा वाजता दुकानात येणार आणि पानं घेऊन जाणार. ती वेळ चुकली तर पुढची पाळी थंडी सरल्यावर, आणि थंडी सरल्यावर स्वेटरची पुस्तिका कोण हातात धरतंय! नमुने तयार होते, प्रिंट तेवढे काढायचे होते. पण ते त्या प्रोग्रामशिवाय उघडतच नाहीत.

आज शुक्रवार होता. पावणेदहा वाजले होते.

"पण काका, त्याला कोंडलं कुणी?"

"फौजदाराने," काका छाती काढून म्हणाले.

फौजदार म्हणजे अँटिव्हायरस. त्याचं असं झालं. महिन्यापूर्वी जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली आणि पडद्यावर लाल चौकट आली: तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित आहे. दुसऱ्या कुणी चार जणांना विचारून नवा घेतला असता. काकांनी भरती काढली. प्रत्येक उमेदवार आठवडाभर चाचणीवर, आणि वहीत नोंद: कधी चढला, किती तपासले, किती पकडले.

पहिला उमेदवार कॉम्प्युटरबरोबर फुकटच आलेला. तो कधी काही बोलतच नाही, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं मुका. मुक्याने दोन लाख फाइली तपासल्या आणि कळवलं, धोका आढळला नाही.

"शून्य!" काका तेव्हा फोनवर माझ्या कानात ओरडले होते. "दोन लाखांत शून्य!"

"शून्य म्हणजे चांगलं, काका."

"पोरी, भरल्या गाडीतून चेकर शून्य घेऊन उतरला तर त्याचे दोनच अर्थ. एक तर झोपला होता, नाहीतर सामील होता."

दुसऱ्याने चार पकडले, पण कॉम्प्युटर इतका मंद केला की काकू माउस हलवून कपडे वाळत घालायला जायची आणि परत यायची, तेव्हा कुठे बाण हललेला असायचा. त्याला काकांनी वयाचं कारण देऊन उतरवला.

मग कुठल्याशा जाहिरातीतून फौजदार आला. चढला तोच भोंगा वाजवत. पडदा लालभडक, मधोमध गरगरणारा दिवा आणि तीन मिनिटांत निकाल: तीनशे बारा धोके! काकांचा ऊर भरून आला. "याला म्हणतात ड्यूटी!" तीनशे बारापैकी तीनशे अकरा कोण, हे फौजदाराने सांगितलं नाही. एकाचंच नाव ठळक अक्षरांत दिलं, काकूच्या प्रोग्रामचं, आणि त्याला कोठडीत टाकला. सोडवायचा असेल तर पूर्ण आवृत्ती विकत घ्या.

"जामीन आहे तो," काका मला समजावत होते.

"लाच आहे ती!" काकू हातातल्या सुया परजत म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर सुळीचं भाडंही संन्याशानेच भरायचं!"

"तू आधी सांग, बनवला कुणी हा प्रोग्राम?"

"सांगितलं ना, माझ्याकडे विणकाम शिकायला येणाऱ्या त्या उंच बाई, त्यांच्या भाच्याने."

"भाच्याचं नाव?"

"मी काय त्याची जबानी घेत बसले होते?"

"मग!" काका माझ्याकडे वळले. "नाव नाही, पत्ता नाही, उंच बाईंचा भाचा म्हणे."

मी फौजदाराच्या त्या गरगरणाऱ्या दिव्याकडे बघत होते. कॉम्प्युटरमधलं मला फार कळतं अशातला भाग नाही. पण नाटकात कामं करताना एक गोष्ट बघितली आहे: ज्याचं पाठांतर कच्चं, तो सगळ्यात मोठ्याने बोलतो.

"काका, हा तोतया आहे."

"पुरावा?"

आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. "बरं, एक सांगा. तुमच्या खात्यात चेकरची परीक्षा कशी घ्यायचे?"

काकांचे डोळे लकाकले. "साहेब आपलाच एक माणूस बिनतिकिटाचा चढवायचे. साध्या वेशात. चेकरला पत्ता नसायचा. तो माणूस निसटला की चेकरची खैर नाही. माझ्या गाडीत सात वेळा चढवला, सातही वेळा धरला. आठव्यांदा साहेब स्वतः चढले."

"मग?"

"मग काय, फाडली पावती."

"तर मग आपणही चढवू या एक."

"व्हायरस?" काकूने सुया छातीशी धरल्या. "माझ्या घरात?"

"खरा नाही, काकू. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनीच एक ओळ ठरवून ठेवली आहे. साध्या फाइलीत ती लिहून ठेवायची. ती कुणाचं काही बिघडवत नाही, पण खरा अँटिव्हायरस तिला बघताच धरतो."

"साध्या वेशातला माणूस!" काकांनी खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे खात्यातलं कुणी असल्यासारखं बघत होते.

मुक्याने मध्ये पडू नये म्हणून त्याला मी पाच मिनिटं बंद केला. ती ओळ फाइलीत लिहिली, फाइल पडद्याच्या भर मध्यावर ठेवली आणि फौजदाराला सोडलं. भोंगा. दिवा. काका श्वास रोखून. फौजदार आला, गेला, संपलं.

तीनशे एकोणतीस धोके!

"बघ, वाढले!" काका टाळी वाजवणार एवढ्यात त्यांचा हात थांबला. "पण आपला माणूस कुठाय?"

आपला माणूस जिथल्या तिथे होता. मी फाइल उघडून दाखवली. ओळ अगदी मजेत. फौजदाराने ठळक अक्षरांत या खेपेला दुसरंच नाव दिलं होतं. काकांनी पेन्शनसाठी स्कॅन करून ठेवलेला हयातीचा दाखला.

"मी जिवंत आहे हा धोका?" काकांचा आवाज चिरका झाला.

"कधी कधी वाटतं खरं," काकू म्हणाली.

मी फौजदाराला मुळासकट उपटला. त्याची ती कोठडी म्हणजे नुसता लपवलेला फोल्डर निघाला. काकूचा प्रोग्राम आणि काकांचा दाखला आत शेजारी शेजारी बसले होते. दोघांना बाहेर काढलं आणि मुक्याला परत चालू केलं. तो जागा होतो न होतो तोच खालच्या कोपऱ्यात एवढीशी चौकट आली: धोका आढळला, हटवला. ना भोंगा, ना दिवा. साध्या वेशातला माणूस गायब.

 काका वहीतलं मुक्याचं पान काढून बघत बसले.

"म्हणजे त्या दोन लाखांत," ते हळूच म्हणाले, "खरंच सगळ्यांकडे तिकीट होतं?"

"हो, काका."

"असं असतं होय!"

एकतीस वर्षं ज्याने भरलेल्या गाड्याच्या गाड्या संशयाने बघितल्या त्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला एकदम हसू आलं आणि गिळावंही लागलं. त्यांनी पेन उघडलं, मुक्याच्या नावापुढे 'कायम' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"झाली ना भरती?" काकू म्हणाली. "व्हा बाजूला. सव्वादहा वाजले." तिने पुढे वाकून आपल्या प्रोग्रामवर टिचकी मारली.

पडद्यावर निळी चौकट आली. मुक्याचीच. प्रकाशक अज्ञात. हा प्रोग्राम चालवल्यास कॉम्प्युटरला धोका पोचू शकतो.

चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. फौजदाराने फाइल हलवल्यामुळे मुक्याला ती आज नव्याने आल्यासारखी वाटली असावी. पण काकांची पाठ ताठ झाली.

"बघ. हा तर तोतया नाही ना? हाही तेच विचारतोय."

"काका, तो चोर म्हणत नाहीये. ओळखत नाही, एवढंच म्हणतोय. घरी बसून कुणी प्रोग्राम बनवला की असं विचारतातच."

"मीही कधी कुणाला चोर म्हटलं नाही. तिकीट नाही म्हणजे तिकीट नाही."

चौकटीत दोन बटणं होती. 'चालवू नका' आणि 'तरीही चालवा'. माउस काकांच्या मुठीत, टोपीसकट. मी हात पुढे केला, तर काकूने डोळ्यांनीच मला मागे सारलं. तिने सुया टेबलावर ठेवल्या. भांडणाचा आवाजही तिथेच ठेवला असावा.

"या प्रोग्रामवर मी दोनशे नमुने केले," ती म्हणाली. "तुम्ही समोर पेपर वाचत होता. एकदा तरी काही बिघडलं? मी सांगते, तो बरा आहे. दुसरा कागद माझ्याकडे नाही."

"अगं, पण हा म्हणतोय..."

"तो काय म्हणतो ते वाचलं मी. मी काय म्हणते ते विचारतेय. माझ्या सांगण्यावर होत असेल तर दाबा. नसेल तर बाईंना फोन करते, म्हणते, पुस्तिका राहू द्या."

दहा वाजून पंचवीस मिनिटं.  बाण 'चालवू नका'वर गेला, तिथे थांबला. तिथून सरकून दोन बटणांच्या मधल्या जागेत घुटमळत राहिला. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. चौकट पुन्हा वाचली, ओठ हलवत. मग डोळे घट्ट मिटून, दात ओठांवर रोवून, इंजेक्शन घेतल्यासारखी त्यांनी टिचकी मारली.

पडद्यावर मासा उगवला. चौकोनाचौकोनांचा, पिवळा, भोवती निळं पाणी.

 काकू प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिली. तो कुरकुरत एकेक पान सोडत होता आणि ती प्रत्येक पान उजेडात धरून बघत होती. मासा, किटली, घर. बारावं पान निघालं तेव्हा अकराला वीस कमी होते. पानं फाइलीत, फाइल पिशवीत.

काका खुर्चीत गाडी ओढून आणल्यासारखे बसले होते.

"बघितलंस?" आधी मला म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "अगं, सोडला मी त्याला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी नुसत्या शब्दावर सोडलं. तुझ्या शब्दावर!"

काकूने चपला पायांत सरकवल्या.

"काही म्हणशील की नाही? निदान बरं केलंत, एवढं तरी?"

तिने पिशवी खांद्याला लावली. पंखा बंद केला.

"अगं, कुणी तरी याची दखल घ्यायला नको का!"

दार उघडलं आणि तिच्यामागून बंद झालं. जिन्यावर तिची पावलं एक पायरी सोडून एक, भराभर खाली वाजत गेली.