स्टोव्हसाठी आणलेली बाटली

आम्ही गच्चीवर स्टोव्ह मांडला की चिंचवडच्या आमच्या इमारतीतल्या खिडक्या बंद व्हायला लागायच्या. पेट्रोल वापरून पाहिलं त्या दिवशी खालच्या काकूंची वाळत घातलेली चादर काजळली होती. तेव्हापासून त्या आमच्यावर पहारा ठेवून होत्या.

स्टोव्ह दादाने जुन्या बाजारातून आणला होता. डोंगरावर न्यायचा, तळहातावर मावणारा बर्नर आणि नळीने जोडलेली, पंप मारायची बाटली. दादा चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत कंत्राटावर काम करायचा. त्याच लाइनवर त्याचा एक मित्र होता, लातूरकडचा, खोली घेऊन राहणारा. सुट्टीला आम्ही तिघं आणि कंपनीतले आणखी काही जण किल्ल्यांवर जायचो. वर लाकडं पेटवायला मनाई होती आणि ती योग्यच होती. ग्रुपमध्ये त्यावरून मी भांडलेही होते. गॅसचे छोटे डबे महाग पडायचे, शिवाय रिकामे डबे लोक दरीत भिरकावताना मी पाहिलेले. म्हणून हा स्टोव्ह. त्यात घालायचं काय, एवढंच ठरत नव्हतं.

रेशनचं रॉकेल आमच्याकडे कधीच बंद झालं होतं. पंपावर सुट्या बाटलीत पेट्रोल देईनात, तेव्हा दादाने ते गाडीच्या टाकीतून काढलं. पिवळी, उडती ज्योत, भांड्याच्या बुडाला काळा थर, आणि चहाला उकळी यायच्या आत बर्नरचं जेट, इंधन यायचं बारीक भोक, बुजलेलं. डिझेलचा धूर इतका झाला की आम्ही तिघंही डोळे पुसत बसलो. परदेशी बनावटीचं शुद्ध इंधन ऑनलाइन मिळत होतं, पण ते आमच्या खिशासाठी नव्हतं. ज्या चहासाठी कंत्राटी कामगाराला हात आखडावा लागतो तो चहा मला नकोच होता.

अशात एका दुपारी पहिली शिफ्ट करून दादा थेट गच्चीवर आला. मित्र त्याच्या मागे. दादाने सॅकमधून कंपनीच्या शिक्क्याची पाण्याची बाटली काढली.

"मिळालं," तो म्हणाला. "वास घेऊन बघ."

झाकण उघडताच माझ्या नाकात झिणझिण्या आल्या.

"हे काय आहे?"

"सॉल्व्हंट. पार्ट धुतो ना आम्ही, ते. ग्रीस लागलेला पार्ट याने पुसला की डाग नाही, ओशटपणा नाही. पांढरं फडकं फिरवलं तरी पांढरंच. मागे काही ठेवतच नाही, तर जळताना काजळी कुठून करेल?"

त्याचं म्हणणं कंपनीबाहेरच्या कुणाला सुचलं नसतं. पण दिवसभर त्याच द्रवाने लोखंड लख्ख करणाऱ्या माणसाला ते पटणं साहजिक होतं. क्षणभर मलाही पटलं. मग मी विचारलं, "गेटवरून कसं आणलंस?"

तो हसला. सुटताना त्यांच्या गेटवर प्रत्येकाला एक बटण दाबावं लागायचं, दिवा कोणता लागेल ते नशिबावर. हिरवा दिवा लागला की सरळ बाहेर, लाल लागला की बाजूच्या खोलीत झडती. "हिरवा लागला."

"आणि लाल लागला असता तर?"

"न्हाई लागला न्हवं ताई," मित्र म्हणाला. "कामून भ्यायलाव? देव बी कंत्राटी माणसाच्या बाजूनं हाय आज."

मला हसू आलं नाही. कायम करायच्या माणसांच्या यादीत दादाचं नाव असल्याचं सुपरवायझरने तोंडी सांगितलं होतं. मुलाखत येत्या आठवड्यात होती. इतकी वर्षं कंत्राटदार बदलत गेले, दादा त्याच मशीनवर राहिला. आणि आता चहासाठी आणलेली ही बाटली.

"ही चोरी आहे, दादा."

"कंपनी माझा ओव्हरटाइम खाते, त्याला काय म्हणतात? तूच वाचून दाखवायचीस ना बाबांची पत्रकं? आता सांग."

बाबा कामगार संघटनेत होते. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकांचे गठ्ठे आले. मी जोडाक्षरं शिकले ती 'संघर्ष' आणि 'हक्क' या शब्दांवर. दादाने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

"त्या पत्रकांत हक्क मागायचा म्हटलंय," मी म्हणाले. "गेटवर उभं राहून, मोठ्याने. बाटलीत लपवून न्यायचा नाही."

"भाषण छान झालं. आता काडेपेटी दे."

त्याने स्टोव्हच्या बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं. मी ती बाटलीच ओढून घेतली.

"ड्रमवर काय लिहिलंय?"

"इंग्रजीत आहे. कोण वाचतंय?"

"चित्र?"

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. "आगीचं हाय," मित्र म्हणाला. "आन कवटीचं बी."

याच द्रवात ही माणसं रोज हात बुडवत होती, आणि त्यांना कळेल अशा भाषेत त्यावर एक ओळ नव्हती. माझा संताप आता दादावरून तिकडे वळला. पण स्टोव्ह समोर होता. मी म्हणाले, "पंप मारायचा नाही. आधी झाकणात चार थेंब घे आणि काडी लांबून टाक."

दादाने कुरकुरत लोखंडी झाकणात थेंब टाकले. मित्राने काडी ओढली. ती झाकणापर्यंत पोचायच्या आधीच भप्पकन आवाज झाला आणि ज्योत हातभर वर उठली. मित्र मागे पडला. मग धूर आला, घशात ओरखडे काढणारा. आम्ही खोकत कठड्याकडे पळालो.

"काय चाललंय रे?" खालून काकू ओरडल्या. "पोलिसांना बोलवू का?"

मित्राने भुवई चाचपून पाहिली. "हाय का शिल्लक?"

"अर्धी," दादा म्हणाला. हेच बाटलीत कोंडून पंप मारला असता तर?

जवळजवळ भरलेली बाटली तशीच उभी होती. मित्र म्हणाला गटारात ओतू. मी म्हणाले, गटार पवना नदीत जातं. घरात ठेवणं शक्य नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "परत ने. सुपरवायझरला सांगून दे."

"वेडी आहेस का? मुलाखत आहे माझी!"

रात्री आम्ही जेवायला बसलो. बाबांना काही कळलं नव्हतं, आणि आम्ही दोघांनीही ते कळू दिलं नाही. अखेर दादा एवढं कबूल झाला की बाटली गुपचूप आत न्यायची आणि वापरलेल्या सॉल्व्हंटच्या ड्रममध्ये ओतायची. तेवढ्यावर मी थांबले. तोवर बाटली गच्चीवरच राहिली.

कंपनीच्या बंद बसमध्ये वास सुटला असता, म्हणून सकाळी मी त्याला स्कूटरवर चाकणला सोडलं. कांद्याच्या ट्रकांमागून आम्ही गेलो. सॅक त्याच्या मांडीवर होती.

गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे मी थांबले. तो रांगेत लागला. रांग नेहमीपेक्षा हळू सरकत होती. मग मला दिसलं. सुरक्षारक्षक प्रत्येकाकडून बाटली काढून घेत होता, झाकण उघडायला लावत होता आणि एक घोट पिऊन दाखवायला सांगत होता. आत कुणी दारू नेऊ नये म्हणून ते अधूनमधून असं करतात, हे दादाने मला पूर्वी सांगितलं होतं. त्या दिवशी नेमकं तेच चालू होतं.

दादाच्या पुढे तीन माणसं होती. मग दोन. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून त्याला परत बोलावू शकत होते. बाटली घेऊन आम्ही निघून गेलो असतो, एक खाडा पडला असता, बस्स. माझे हात हँडलवरच राहिले.

तो रांगेतून बाहेर पडला. मला वाटलं, आला. पण तो सरळ सुरक्षारक्षकाच्या केबिनकडे गेला आणि बाटली टेबलावर ठेवली. लांबून मला शब्द ऐकू आले नाहीत. रक्षकाने झाकण उघडून वास घेतला, झटकन मान मागे घेतली आणि फोन उचलला. पुढे सुपरवायझर आला. दादा उभा राहून बोलत होता, हात मागे न बांधता. मग ते त्याला आत घेऊन गेले.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा नोकरी शाबूत होती. लेखी समज मिळाली होती आणि यादीतून नाव गेलं होतं. पुढच्या वेळी बघू, असं त्याला सांगितलं गेलं होतं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"खरं तेच. स्टोव्हसाठी नेलं होतं." चप्पल काढता काढता तो थांबला. "आणि म्हटलं, ड्रमवर मराठीत लिहा. आमचा एक जण काल भाजला असता."

बाबांना हे त्यानेच सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आईला म्हणाले, त्याला गरम पोळी वाढ.

त्यानंतरच्या सुट्टीला आम्ही आकुर्डीच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून खुल्या विक्रीचं पांढरं रॉकेल घेतलं. रेशनच्यापेक्षा महाग, पण सगळ्यांनी वर्गणी काढली की कुणाला जड जाईना. बर्नर आधी स्पिरिटवर नीट तापवला की ज्योत निळी राहायची. बर्नर पुरता तापेपर्यंत दादा कुणाला पंपाला हात लावू द्यायचा नाही.

किल्ल्यावर पहिला चहा झाला तेव्हा वारा फार होता. मित्राने कप पुढे केला. "कायम झाला असतास तर आज पेढे असते, भावा."

"चहा घे," दादा म्हणाला, "नाहीतर तोही देणार नाही."

मग माझ्याकडे न पाहता त्याने मला विचारलं, "तू असतीस तर पिऊन दाखवलं असतंस का गं एक घोट?"

मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की बाटली त्याने टेबलावर ठेवली हेच बरोबर होतं. पण यादीतून नाव त्याचं गेलं, माझं नाही. मी वाऱ्याच्या बाजूला सरकून बसले, म्हणजे स्टोव्हला आडोसा होईल.