शिवणवालीच्या फोनचं कुलूप

माझी सारी नोकरी हिंदीत पंचनामे लिहिण्यात गेली. मराठी घरात बोलण्यापुरतीच राहिली. तरीही मराठीत लिहायला बसलो, याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तीही निवृत्तीनंतर. बालाघाटला कायद्याच्या वर्गात नातवंडांच्या वयाच्या मुलांत बसतो. परवा तिथे वाद रंगला : पोलिसांना मोबाईलचा पासवर्ड जबरदस्तीने घेता येतो का? न्यायालयांचीही यावर सारखी मतं नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे मी पोलिसात असतानाचं, भरवेलीच्या खाणीवरचं एक प्रकरण उभं राहिलं.

खाणीतला एक कामगार बायको हरवल्याची तक्रार घेऊन आला. "शेजारच्या शिवणवालीनं पळवली साहेब. विकली असन तिनं!" आमच्या खबऱ्यानेही सांगितलं, की शिवणवालीने त्या बाईला बैहरच्या बसमध्ये बसवून दिलं.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात आणायचं नाही, असा नियम. म्हणून महिला हवालदार आणि एका शिपायाला घेऊन मीच खाणीच्या कॉलनीत गेलो. शिवणवाली पंचविशीची, ओढणीला सुई टोचलेली. बसमध्ये बसवल्याचं तिने लगेच कबूल केलं. पुढे मात्र एकच उत्तर : "ती बरी आहे. कुठं आहे, ते नाही सांगत."

शिपाई त्याच कॉलनीतला. म्हणाला, "साहेब, पत्ता हिच्या फोनात असन. अंगठा धरून लावा न फोनले. चुटकीचं काम."

दारात नवरा उभा होता, मागे सारी गल्ली. बाई खरोखर विकली गेली असेल, तर उशीर माझ्या माथी येणार होता.

"पोरी, लपवण्यासारखं नसन काही, तर खोल न," मी म्हणालो.

"लपवण्यासारखंच आहे साहेब. तिचा पत्ता आहे त्यात. तुमचा शिपाई याच्याच संगं रोज चहा पेते. मी फोन खोलला, का हा संध्याकाळी तिच्या दारात! मागच्या बारी यानं तिचा हात मोडलता."

"खोटं काहून बोलतं वं?" नवरा ओरडला.

गल्लीतून एक म्हातारी कडाडली, "खोटं? दवाखान्यात मीच नेलतं तिले! तू तं दारू पिऊन पडलता."

चौकशीत बडबड करणाऱ्यापेक्षा, एकाच गोष्टीवर अडून बसलेल्या माणसाचं कारण शोधावं, हा माझा अनुभव. इथे कारण मिळालं होतं. मला पत्ता नको होता. ती बाई जिवंत आणि राजीखुशी आहे का, एवढंच हवं होतं. मी शिपायाला आणि नवऱ्याला घेऊन बाहेर गल्लीत आलो. आत शिवणवालीने स्वतःच्या हाताने व्हिडिओ कॉल लावला. महिला हवालदाराने नवऱ्याने दिलेल्या फोटोशी चेहरा ताडून पाहिला आणि विचारलं, "कोणी जबरदस्तीनं नेलं काय तुले?"

"नाही बाई. मी माझ्या मनानं आली. त्याले सांगू नका फक्त."

पुढे तिने दंडाधिकाऱ्यांसमोर तेच सांगितलं आणि प्रकरण बंद झालं. नवऱ्याला मी म्हणालो, "भाऊ, तुझी बायको हरवली नाही. ती निघून गेली."

कुलूप तोडण्याचा अधिकार कायदा आम्हाला किती देतो, ते मी अजून शिकतो आहे. पण मला नेमकं काय हवं आहे, हे आधी स्वतःला विचारलं, तर पुष्कळदा कुलपाला हात लावावा लागत नाही, एवढं त्या गल्लीत कळलं.

मागच्या महिन्यात शिवणवालीचा फोन आला. त्या बाईला फारकत मिळाली. बिरसा गावात तिनेही शिवणाचं दुकान टाकलं आहे, आणि पाटीवर स्वतःचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर लिहून घेतला आहे, रस्त्यावरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत.