एकटीचा माइक

जानेवारीचं धुकं नळापर्यंत उतरलं होतं. पद्मिनी गळ्याला मफलर गुंडाळून पाण्याचे हंडे-गुंड भरत होती.

"थंड पाण्यात काहून हात घालून राहिली? आज गायचं आहे ना तुले?" आई, शांताबाई, दारातून ओरडली.

"मग तू भर!"

छत्तीसगढचं नवं राज्य झालं तेव्हा रायपूरच्या दर पानटपरीवर प्रल्हाद-पद्मिनीची कॅसेट वाजायची. ददरिया गायचे दोघं. बाई सवाल टाकते, गडी जवाब देतो, असं ते छत्तीसगढी गाणं. अकरा वर्षं गायले. मग एका कॅसेटवर छापून आलं, 'प्रल्हाद और साथी'.

"साथी म्हणजे कोण? मी का तबलेवाला?" तिनं विचारलं. प्रल्हाद नुसता हसला. तिनं जोडी सोडली.

दीड वर्षात एकटीचे चार कार्यक्रम झाले, चौथ्याला वीस माणसं. आज पाचवा, अभनपूरच्या मडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत. समितीचे रामकृष्ण भैया म्हणाले होते, जमलं तर आसपासच्या सगळ्या मडया तुमच्या. नाही जमलं तर पुढं बोलावणारं कुणी उरलं नव्हतं.

दुपारी तिनं स्वतः बांधलेलं गाणं धरलं. लोक जिलेबी खात गप्पा मारत राहिले.

"दीदी ओ, जोड़ी वाला गीत गा ना!" एक ओरडला.

"अऊ परल्हाद ला कहाँ छोड़ आए?" दुसरा. हशा पिकला.

दोन्ही बाजू आपणच गाऊ, असं ठरवून तिनं ददरियाचा सवाल टाकला. आवाज असा लागला, की गप्पा थांबल्या. आणि ओळ संपताच तिचं पाऊल मागं गेलं. जोडीला माइक कायम एकच मिळायचा. आपली ओळ झाली की सरकून प्रल्हादला जागा द्यायची. अकरा वर्षांची सवय. ती चपापून पुढं येईस्तोवर जवाब अख्ख्या मैदानानं उचलला होता, थेट प्रल्हादच्या हेलात. पुढच्या कडव्यांना ती माइकला चिकटून राहिली, पण हजार गळ्यांपुढं तिचा जवाब कुणालाच ऐकू गेला नाही. टाळ्या मात्र खूप पडल्या.

"मजा आ गया, दीदी!" रामकृष्ण भैया खुशीत होते. "बाकी मड़ई में प्रल्हाद भैया को साथ लाइए. बात मैं कर लूँगा."

"और मैं अकेली?"

"आपने सुना ना, पब्लिक क्या माँगती है."

"तो फिर रहने दीजिए," पद्मिनी म्हणाली.

घरी शांताबाई वाट पाहतच होती. "कसं झालं वं?"

"लोक चांगले गायले."

"अन् तू?"

"पुन्हा त्याच्या मागं उभी नाही राहत मी. नाही म्हणून आली."

"मग आता?"

पद्मिनीनं साडी बदलली, सुपात तांदूळ घेतले आणि खडे निवडायला बसली.