दोन चिठ्ठ्या

लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी बोदवडला शाळेत गणित शिकवत होतो, बायको शिंदखेड्याकडची. त्या हिवाळ्यात ती बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, वाढायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दिवाळीला मी तिला माहेरी पाठवलं नव्हतं. राग त्याचाच, असं मी ठरवून टाकलं. पहिल्यांदा बोलायचं तर तिनं बोलावं, म्हणून मीही तोंड बंद केलं. आमचं घर इतकं शांत झालं की शेजारचे आमच्या संसाराचं कौतुक करू लागले.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला महिनाभर माहेरी धाडलं. ती परतली ती तशीच. सोडायला आलेल्या तिच्या भावानं मला विचारलं, तुम्ही तिला काय केलं? मी म्हणालो, काहीच नाही. ते अगदी खरं होतं.

शेवटी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून तिला जळगावला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गावात सांगितलं, डोळे तपासायला जातोय. डॉक्टर तिला विचारत होते आणि उत्तरं मी देत होतो.

"मास्तर, त्यांना बोलू द्या," डॉक्टर म्हणाले.

ती माहेरच्या बोलीत म्हणाली, "माले राग नही शे. माले काहीच वाटत नही."

इतके महिने मी ज्या रागाशी अबोला धरून बसलो होतो, तो राग नव्हताच. मग डॉक्टरांनी माझी चौकशी केली. झोप, भूक, सगळं ठीक आहे, असं मी सांगितलं.

"हे पहाटे तीनपासून जागे असतात," ती म्हणाली. "ताटात निम्मं टाकतात. सकाळी शर्टाची बटणं लावता लावता तसेच बसून राहतात."

माझ्याकडे पाठ करून पडणाऱ्या बाईला हे सगळं दिसत होतं, आणि तिच्याकडे रोज टक लावून पाहणाऱ्या मला तिचं काही कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आधी आजार की आधी अबोला, हे शोधत बसू नका, दोन्ही एकमेकांना पोसतात. त्यांनी गोळ्यांच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक तिची, एक माझी. पेशंटला घेऊन गेलो होतो, पेशंट होऊन परतलो. शेजाऱ्यांना सांगितलं, दोघांनाही चष्म्याचा नंबर लागलाय.

गोळ्यांचा गुण यायला वेळ लागला. उन्हाळ्यात एका दुपारी मी ओला टॉवेल गादीवर टाकला आणि ती माझ्यावर चांगलीच तडकली. दिवाळीपासूनचं सगळं बाहेर काढलं. आबा घाबरून ओट्यावरून आत आले. मी मात्र खाली मान घालून ऐकत होतो आणि मला बरं वाटत होतं.

पुढेही एखाद्या हिवाळ्यात ती मिटायची, कधी मी. तेव्हा दुसऱ्यानं जवळ बसून विचारायचं, एवढं आम्ही शिकलो. तेही दर वेळी जमलं असं नाही.